जिने मोजायला हवे होते

डोंबिवलीत माणूस त्याच्या गाडीवरून ओळखला जातो, आणि गाडी म्हणजे लोकल. अमकी आठ-सातची, तमके आठ-बावीसचे. लग्नाआधी मी सात-बावन्नची होते आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता. कुलूप किती वाजता लावायचं, पुलाची पहिली पायरी किती वाजता चढायची, फलाटावर कुठल्या खांबाशी उभं राहिलं की लेडीज डब्याचं दार बरोबर समोर येतं, सगळं अंगवळणी पडलेलं. मिनिट वाचवणं ही आमच्याकडे हुशारी समजली जाते. ही हुशारी दोन्ही हात मोकळे असलेल्या एकट्या बाईची आहे, हे मात्र मला दोन मुलं झाल्यावरही बरीच वर्षं उमगलं नाही. मुलांना घेऊन या शहरात फिरताना आमच्या ज्या फजित्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक या सात-बावन्नच्या तोऱ्यापायी झाल्या.

लग्नानंतर मी गोरेगाव पूर्वेला आले. आमच्याकडे चारचाकी नाही. कोणी विचारलं तर मी प्रदूषण, ट्रॅफिक वगैरे कारणं सांगते. ती खोटी नाहीत, पण खरं सांगायचं तर घराचा हप्ता आहे, सोसायटीत पार्किंगसाठी नंबर लागत नाही, आणि नवऱ्याला व मला दोघांनाही मुंबईच्या रस्त्यावर गाडी चालवायची भीती वाटते. ‘मुलं झाली, आता तरी गाडी घ्या’ हे वाक्य प्रत्येक बारशात आणि मुंजीत ऐकून झालंय. माहेर डोंबिवलीलाच. म्हणजे अधूनमधून एखाद्या रविवारी पश्चिम रेल्वेने दादर, तिथे पूल ओलांडून मध्य रेल्वे, मग डोंबिवली. ज्यांनी दादरचा पूल मुलांना घेऊन ओलांडलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते.

मोठी काही महिन्यांची असताना नणंदेने अमेरिकेहून स्ट्रोलर आणली. दणकट चाकं, खाली पिशवी ठेवायला जाळी, वर छत. ती ढकलत मी मोठ्या ऐटीत खाली उतरले. फाटकाबाहेर फुटपाथवर आधी उखडलेल्या लाद्या, मग पानाची टपरी, मग फुटपाथच संपलेला. स्टेशनपर्यंत ती रिक्षात आडवी घालून नेली. दादरला पुलाखाली उभी राहिले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एका हातात मूल, दुसऱ्या हातात मिटलेली स्ट्रोलर, आणि खांद्यावरून घसरणारी बॅग सावरायला तिसरा हात नाही. मागून गर्दीचा रेटा. शेवटी भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन निघालेल्या एका मावशींनी स्ट्रोलर काखोटीला मारली आणि वर नेऊन ठेवली. ‘बाय, पोरीला ओढणीत बांध. हे काय घेऊन फिरतेस?’ मला ते पटलं, पण एवढी महागाची वस्तू पडून राहील म्हणून आणखी काही वेळा ओढलीच. आता ती माळ्यावर आहे आणि तिच्यात गणपतीच्या मखराचं सामान असतं.

स्ट्रोलर सुटली तरी मिनिटांचा हिशेब सुटला नाही. दादरहून गोरेगावला स्लो गाडीने साधारण अर्धा तास लागतो. बोरिवली स्लो पकडायची, गोरेगावला उतरायचं, विषय संपला. पण फास्टने अंधेरी गाठून तिथे स्लो पकडली, तर सहा-सात मिनिटं वाचतात. एका संध्याकाळी या सहा मिनिटांसाठी मी दोन्ही मुलांना घेऊन विरार फास्टमध्ये चढले. विरारच्या गाडीत विरारकरांचं राज्य असतं आणि जवळ उतरणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, हा अलिखित कायदा मला माहीत होता. तरी वाटलं, अंधेरीला उतरणाऱ्या आणखी असतीलच, त्यांच्यामागून निघू. धाकटा कडेवर, मोठी माझा कुर्ता धरून. वांद्र्यापासून मी ‘अंधेरी, अंधेरी’ करत होते. ‘अंधेरीला उतरायचं तर विरार कशाला पकडली?’ एका बाईंनी विचारलं. बरोबरच होतं त्यांचं. त्यांना तासभर लटकत जाऊन घरी स्वयंपाकाला लागायचं होतं.

अंधेरीला मी दारापर्यंत पोचलेच नाही. चढणाऱ्यांच्या लोंढ्याने आम्हाला होतो तिथेच परत आणून ठेवलं. पुढचा थांबा थेट बोरिवली. मघाशी सुनावणाऱ्या बाईंनीच सरकून मोठीला चौथ्या सीटवर टेकवलं होतं. तिथून बाहेर बघत ती म्हणाली, ‘आई, आपलं गोरेगाव गेलं.’ सगळ्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. मग बोरिवलीला उतरा, पूल चढा, पलीकडे उतरा, उलटी गाडी पकडा. सहा मिनिटं वाचवायला गेले आणि जवळजवळ तास घालवला.

दाराची सवय याहून वाईट. आपलं स्टेशन यायच्या आधीच दाराकडे सरकायचं, हे लोकलच्या माणसाच्या रक्तात असतं. धाकटा गर्दीत कासावीस होऊन रडायचा आणि दारात नेलं की वारा लागून गप्प व्हायचा. त्याला कडेवर घेऊन, मधल्या दांड्याला धरून मी कितीदा तरी दारात उभी राहिलेय. कोणी टोकलं तर ‘सवय आहे मला’ म्हणायचे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं रुळांवर पडली आणि काहींचा जीव गेला. ते वळण माझ्या माहेरच्या वाटेवरचं. बातमी वाचताना त्या माणसांच्या आधी मला कडेवर मूल घेतलेली मीच दिसले. आपोआप दारं बंद होणारी एसी लोकल २०१७ च्या नाताळात पश्चिम रेल्वेवर सुरू झाली, पुढे मध्यवरही आली. तिच्या वेळा बघून निघणं काही अवघड नव्हतं. पण तिच्यासाठी फलाटावर वीस मिनिटं थांबायचं म्हणजे मला वेळ फुकट घालवल्यासारखं वाटायचं.

रविवारचं गणित तर मी डोंबिवलीची असून चुकवलं. रविवारी रुळांची, सिग्नलची, वरच्या तारांची कामं काढतात. मध्य रेल्वेवर त्याला मेगाब्लॉक म्हणतात, पश्चिमेला जम्बोब्लॉक. बहुतेकदा माटुंगा ते मुलुंड जलद नाहीतर धीमा मार्ग काही तास बंद, सगळ्या गाड्या उरलेल्या मार्गावर, आणि सगळ्यांनाच उशीर. शनिवारच्या पेपरात चौकट येते. आम्ही ती वाचत नसू. आईकडे साडेबाराला पानं मांडलेली असत. आई आमच्याशिवाय जेवत नाही. बाबांना मधुमेह आहे, त्यांची जेवणाची वेळ चुकून चालत नाही, तरी नातवंडांसाठी तेही थांबत. हे माहीत असल्यामुळे मी सकाळपासून सगळ्यांना हाकत असे.

एका ब्लॉकच्या रविवारी दादरला फलाट फुललेला. गाडी आली की चढता येत नाही, पुढची कधी येईल ते कळत नाही. अशात धाकट्याला शू लागली. लहान मुलाबरोबरच्या प्रवासाचं वेळापत्रक शू ठरवते, हे आईला वेगळं सांगायला नको. पण स्वच्छतागृह लांब, तिकडे गेलो तर मोक्याची जागा जाणार, म्हणून मी ‘थोडं थांब रे राजा’ म्हणत राहिले. त्याने खरंच प्रयत्न केला. नाही जमलं. ओल्या चड्डीतलं मूल घेऊन आजोळी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. बाबांची साखर उतरून त्यांना घाम फुटलेला, आणि आई त्यांच्या हातात साखरपाण्याचा पेला धरून उभी. ‘अगं, फोन तरी करायचास.’ फोन करून काय सांगणार होते? मी तर प्रत्येक वेळी ‘पोचतोच’ एवढंच सांगत असे.

आणखी एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं लागतं. मोठीला पाच पूर्ण झाली तरी मी तिचं तिकीट काढत नव्हते. वाचत होते ते किरकोळ पैसे. खिडकीशी सवयीने ‘दोन डोंबिवली रिटर्न’ तोंडातून निघून जाई. मग ती सवय झाकायला मी तिला पढवलं की टीसीने विचारलं तर चार वर्षं म्हणायचं. टीसीने काही विचारलं नाही. पण पुढच्या वेळी रांगेत माझा नंबर आल्यावर तिनेच मोठ्याने विचारलं, ‘आई, आज मी किती वर्षांची?’ मी दोन फुल, एक हाफ मागितलं.

सगळ्यात मोठा घोळ झाला तो २०२२ च्या भाऊबीजेला, परतताना. आमची नेहमीची विभागणी अशी, की धाकटा आणि मी लेडीज डब्यात, मोठी आणि तिचा बाबा शेजारच्या जनरलमध्ये. नवऱ्याचा फोन माझ्या पर्समध्ये, कारण पूर्वी एकदा गर्दीत त्याच्या खिशातून फोन गेला होता. दादरला बोरिवली स्लो आली. मी धाकट्याला घेऊन चढले. तेवढ्यात ‘मला आईकडे जायचंय’ म्हणून मोठीने हात सोडवला, तो तिला धरायला वळला आणि गाडी सुटली. दारातून मला दोघं फलाटावर दिसले. तो हाताने काहीतरी खुणावत होता. मला वाटलं, ‘उतर’ म्हणतोय. तो म्हणत होता, ‘जा’.

पुढच्या स्टेशनला, माटुंगा रोडला, मी उतरले. तिथेच उभी राहिले असते तर प्रकरण दहा मिनिटांत मिटलं असतं. पण मला गप्प उभं राहणं जमतं कुठे? पूल चढले, पलीकडे उतरले आणि चर्चगेटकडे जाणारी गाडी पकडून दादरला परत आले. तिकडे नवऱ्याला आधी वाटलं, ही सरळ घरी जाईल. मग वाटलं, नाही, हिला ओळखतो मी, ही पुढच्या स्टेशनला उतरली असणार. तो पुढच्या गाडीने माटुंगा रोडला गेला. आमच्या गाड्या मध्येच कुठेतरी एकमेकींना ओलांडून गेल्या. मी दादरला, तो माटुंगा रोडला. मी घाईघाईने त्याला फोन लावला आणि तो माझ्याच पर्समध्ये वाजला.

त्याने एका कॉलेजच्या मुलाकडे फोन मागितला. फोन हातात आल्यावर त्याच्या लक्षात आलं की बायकोचा नंबर पाठ नाही. नाव दाबलं की लागतो, आकडे कोण लक्षात ठेवतं? मोठीला पाठ होता. शाळेत घोकून घेतला होता. तिने तो तिथल्याच चालीवर म्हटला, मध्ये श्वास घ्यायला थांबून, दहाच्या दहा आकडे. इकडे मी धाकट्याला बाकड्यावर बसवून येणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावत होते. अनोळखी नंबर दिसला तेव्हा कर्जवाल्यांचा असेल म्हणून पहिल्यांदा कटच केला. दुसऱ्यांदा उचलला, तर पलीकडे मोठी. ‘आई, तू आता हलू नकोस. बाबा म्हणतोय.’

घरी पोचल्यावर आम्ही कडाकडा भांडलो. कोणी थांबायला हवं होतं, कोणी यायला हवं होतं. दोघंही आपापल्या परीने बरोबर होतो, आणि आधी काही ठरवलेलंच नसल्यामुळे दोघंही चुकलो होतो. इतकी वर्षं लोकलने जाऊन-येऊन ‘ताटातूट झाली तर काय’ एवढं साधं बोलणं आमच्यात झालं नव्हतं. आता ठरलंय. जो गाडीत राहील त्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच उभं राहायचं, जो फलाटावर राहील त्याने पुढच्या गाडीने तिथे यायचं. हलायचं फक्त एकाने. फोन ज्याचा त्याच्याकडे. नंबर मुलांच्या खिशातल्या चिठ्ठीवर, आणि आमच्याही पाठ. ‘पुलावर भेटू’ म्हणायचं नाही, कारण दादरला पूल एक नाही. त्या वेळी ‘एक नंबरवर भेटू’ म्हणणंही धोक्याचं होतं, कारण पश्चिमेचाही एक नंबर होता आणि मध्यचाही. डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट तिथे आठपासून मोजतात, तेवढा एक गोंधळ कमी झाला.

या प्रकाराने मी इतकी हबकले की एकदम दुसरं टोक गाठलं. पुढच्या वेळी कॅब. पैसे गेले तरी चालतील, चौघं एकत्र दारातून दारात जाऊ. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, ऐरोली, महापे, शिळफाटा. शिळफाट्याला गाड्यांची रांग हलेना. काचा बंद, एसी चालू, आणि धाकट्याला गाडी लागते हे आम्हाला माहीतच नव्हतं. तो बसलाच कुठे होता इतका वेळ गाडीत? सीटवर, माझ्या साडीवर, नवऱ्याच्या बुटांवर. ड्रायव्हरने काही न बोलता गाडी कडेला घेतली आणि स्वतःच्या पाण्याची बाटली पुढे केली. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. गाडी धुवायचे वेगळे पैसे देऊन पोचलो, तोवर लोकलने जाऊन परत घरी आलो असतो. ‘आता तरी गाडी घ्या’ म्हणणाऱ्यांना द्यायला तेव्हापासून माझ्याकडे एक अस्सल उत्तर आहे.

आणि हे सगळं चालू असताना खरा मार्ग घराशेजारी तयार झाला होता. जानेवारी २०२३ पासून आमच्या गोरेगाव पूर्वेतून सात नंबरची मेट्रो थेट गुंदवलीला जाते. तिथून पुलावरून पलीकडे गेलं की वर्सोवा-घाटकोपर मेट्रो, जी २०१४ पासून धावतेय. घाटकोपरला उतरून मध्य रेल्वेची गाडी पकडली की झालं, दादर नावालाही लागत नाही. शेजारच्या वहिनींनी सांगितलंही होतं. मी हिशेब करून मोडीत काढलं. वेळ फारसा वाचत नाही, भाडं लोकलपेक्षा कितीतरी जास्त, मग कशाला? हिशेब चुकीचा नव्हता, फक्त त्यात मिनिटं आणि रुपये सोडून काहीच नव्हतं. एकदा गुडघा दुखत होता म्हणून बसल्या बसल्या दुसरा हिशेब मांडला. दादरमार्गे गोरेगावला चढा-उतरा, दादरला चढा-उतरा, डोंबिवलीला चढा-उतरा, आणि मधला जिना चढताना दोन्ही बाजूंनी धक्के. मेट्रोने लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, स्थानकात स्वच्छतागृह आहे, आणि खरी कसरत घाटकोपरला रेल्वेच्या फलाटावर उतरताना, ती एकदाच. मुलांना घेऊन जायचं तर जिने मोजायला हवेत, गाड्या किती वेळा बदलायच्या ते मोजायला हवं, शू कुठे करता येईल ते आधी बघायला हवं, आणि कोणाचा हात कोणाच्या हातात ते घरातून निघतानाच ठरायला हवं. एवढं कळायला मला मोठी माझ्या खांद्याला लागायची वेळ आली.

मुलांना स्वतःला काय हवं असतं, हेही मी उशिरा पाहिलं. गुंदवलीपर्यंतची मेट्रो सुरू झाली त्याच वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना पेंग्विन दाखवायला भायखळ्याच्या राणीच्या बागेत घेऊन गेले. वार बुधवार. बाग बुधवारी बंद असते, आणि हे न बघता निघालेली मी. फाटकाशी उन्हात दोन रडवेले चेहरे. आमच्याकडच्यासारखी रिक्षाही मिळेना, कारण माहीम आणि सायनच्या पलीकडे, शहराच्या बाजूला रिक्षा चालतच नाहीत. काहीतरी करायला हवं म्हणून सीएसएमटीला गेलो आणि समोर उभ्या असलेल्या नव्या एसी दुमजली बसमध्ये चढलो. बेस्टच्या बसचा नंबर पुढे मराठीत असतो. ११५ बघून धाकटा म्हणाला, ‘नऊ, नऊ आणि पुढचं काय?’ मोठीने त्याला फुटपाथवर उभं करून १ आणि ५ शिकवले. मला सवयीने ‘चला, चला’ म्हणायचं होतं, पण जायचं कुठेच नव्हतं, त्यामुळे तोंड बंद राहिलं. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळाली. फांद्या काचेवर आपटल्या की दोघं डोकं खाली घालत होती. नरिमन पॉइंटला समुद्र बघितला आणि त्याच बसने परत आलो. त्या सुट्टीत काय काय केलं, असं शाळेत विचारलं तेव्हा धाकट्याने बस सांगितली. पेंग्विन आम्ही नंतर पाहिले, त्यांचं त्याला फारसं काही वाटलं नाही.

मी सुधारले असं म्हणवत नाही. फलाटावर फास्टची घोषणा झाली की अजून माझा हात मुलाच्या मनगटावर घट्ट होतो आणि पाय पळायला लागतात. आता मुलंच मागे ओढतात. ‘पुढची येईल ना,’ मोठी म्हणते, आणि ती येतेच. शनिवारच्या पेपरातली ब्लॉकची चौकट आता नवरा कापून फ्रिजवर लावतो. आईचा फोन मात्र रविवारी सकाळी पूर्वीसारखाच येतो, ‘किती वाजता पोचाल?’ मी पूर्वी मिनिटासकट सांगायचे. आता सांगते, ‘बाबांना वेळेवर वाढ, तूही जेवून घे. आम्ही आलो की आमचं आम्ही गरम करून घेऊ.’ बाबा आता साडेबाराला जेवतात. आई अजूनही थांबते. तिच्याशी वाद चालू आहे.